कूलरमध्ये पाणी

दौलतगंज, मे महिना, रात्रीचे साडेअकरा.
भिंती अजून दुपार ओकतायत.
टेबलावर उघडा कॅबिनेट,
त्याची काच पलंगाला टेकवून ठेवलेली,
आणि पडद्यावर आकडा : एक्काहत्तर.

काहीच चालू नाही. एक फाइल उघडी नाही.
नुसतं बसून एक्काहत्तर.

दिल्लीहून मदरबोर्ड मांडीवर घेऊन आले होते मी.
मुरैन्यापर्यंत ऊन माझ्याच खिडकीत,
म्हणून पिशवीवर ओढणी घातली,
तर शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, कितवा महिना बाळाला?

बाबा उठले. झोपलेच नव्हते.
बिर्लानगरच्या मिलमध्ये तेरा वर्षं
बॉयलरच्या काट्यासमोर बसलेला माणूस,
घरात कुठली सुई हलली तरी जागा होतो.
'किती?'
'एक्काहत्तर.'
'लाल रेघ कुठे?'
'पंच्याण्णवला.'
'मग आहे वेळ,' म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

'ह्याला कूलर आहे ना?'
'आहे.'
'पाणी घातलंस?'
मला हसूच आलं. ह्या कूलरला पाणी लागत नाही बाबा,
तांब्याच्या नळ्या, वर पट्ट्या, त्यावर पंखा, बास.
तेवढ्यात खिडकीतला आमचा खराखुरा कूलर घरघरला.
टाकी तळाला गेलेली.
ते दोन बादल्या ओतून आले,
खसाचा वास खोलीभर झाला,
पडद्यावर चौऱ्याहत्तर.

मी चाचणी लावली.
ब्याऐंशी. नव्वद. पंच्याण्णव.
आणि मशीनने स्वतःच वेग सोडला,
उरवाईच्या चढावर भरलेला टेम्पो सोडतो तसा.
उद्या सकाळी शितोळ्यांच्या लग्नाचे चार तास
ह्याच मशीनवर कापायचे आहेत.
सगळी बचत ह्यात आहे. ते मी कुणाला बोलले नाही.

बाबांनी हात पुढे केला, मी नको नको म्हणेपर्यंत
दोन बोटं पट्ट्यांवर.
'गार आहे गं.'
मग थोडा वेळ काहीच नाही.
'खाली आग आणि भांडं गार.
म्हणजे मधे काहीतरी बसलंय.
आमच्या नळ्यांना आतून क्षार धरायचा, तेव्हा असंच.'

चार स्क्रू. तिरपे, एकाआड एक.
कूलर उलटा केला,
आणि तांब्यावर ती होती : पारदर्शक, पातळ झिल्ली,
नव्या मोबाइलच्या काचेवर असते तशी.
वापरण्याआधी काढा, असं लिहिलेलंसुद्धा.
मी तिच्यावरच लेप लावून, निगुतीनं, बसवलं होतं सगळं.

बाबा काही म्हणाले नाहीत.
इन्सुलिनच्या डब्यातला स्पिरिटचा बोळा आणून दिला,
आणि ती झिल्ली चष्म्याच्या घरात ठेवली.
का, ते मी विचारलं नाही.

नवा लेप. तुरीच्या दाण्याएवढा.
स्क्रू. वायर. बटण.
त्रेचाळीस.
'अजून उतरेल?'
'नाही. खोलीच सदतीस आहे.
खोलीपेक्षा गार ते होऊच शकत नाही.'
'मग खोलीचं बघू,' म्हणत त्यांनी
खिडकीतल्या कूलरच्या जाळ्या टेबलाकडे वळवल्या.
अहो, दमट हवा, त्याला चालत नाही!
तशा परत फिरवल्या.
माझ्याकडे.

कधी डोळा लागला कळलं नाही.
सकाळी दूधवाल्याच्या कॅलेंडरवर, पेन्सिलीनं,
मागच्या कोऱ्या बाजूला ओळी आखलेल्या :
१ वाजता ४३
२ वाजता ४२
३ वाजता ४२, पंखा ठीक
४ वाजता ४०
५ वाजता ४०, कूलरमध्ये पाणी घातले (खिडकीच्या)
आणि शेवटी, पाळी सोपवताना करतात तशी,
बाबांची पूर्ण सही.